फिशटँकमधला घोडा

हसाचं असन तर आत्ताच हसून घ्या बाप्पा, मंग मधात थांबवू नका मले.

लोकायची नावं सरकारी कागदावर कशानं कशानं चढतात. कोणाचं शेतानं चढते, कोणाचं भांडणानं. माहं नाव नागपूरच्या कस्टमच्या कपाटात चढलं ते एका ब्रशानं. फिशटँकची काच घासाचा ब्रश, दुसरा कोणता नाही! फाईल आहे, फाईलीत माहा फोटो आहे, अन् फोटोत मी हातात ब्रश धरून असा उभा आहे, जसा काही ढाल जिंकून आलो.

कसं झालं ते सांगतो. चहा थंड होऊ देऊ नका.

मी वणीले जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. बत्तीस वर्षं. काम काय, तर गाडी आली का मूठभर कापूस उचलाचा, दोन अंगठ्यांच्या मधात ओढाचा, धागा किती लांब निघते ते पाहाचं, नाकाशी नेऊन ओल सुंगाची, अन् सांगाचं. "एक नंबर." "दोन नंबर." नाही तर "कवडी." बस. मालाचा मालक बाजूले उभा राहून माह्या तोंडाकडे पाहे. मी खाकरलो तरी त्याचा जीव वरखाली होये.

आता हे बत्तीस वर्षं केल्यावर माणसाच्या डोक्याचं काय होईन? बाजारात भेंडी घेतली तरी मी मोडून म्हणो, "दोन नंबर." लग्नात जेवाले बसलो का वरण एक नंबर, भात कवडी. घरच्या भाजीलेही एकदा नंबर दिला मी. एकदाच. त्या दिवशी सुमननं, म्हणजे माह्या बायकोनं, ताट उचलून नेलं अन् म्हणे, "जिनिंगमध्ये जेवा."

मंग रिटायर झालो. अन् तुम्हाले खोटं कायले सांगू, लई वाईट वाटलं. सकाळी उठून नाक साफ करून बसलो तरी कोणी काही सुंगाले देईना.

आमची पोरगी रुपाली. एकुलती एक. फिशरीचं शिकली, अन् शिकून आल्यावर वणीत फिशटँकचं दुकान टाकलं. आता वणी कोणतं गाव? कोळशाच्या ट्रकायनं पांढरा सदरा दुपारपर्यंत राखाडी होते असं गाव. तिथं या पोरीनं काचेच्या पेट्या विकाले ठेवल्या! मी म्हटलं, "बाई, इथं घराच्या खिडक्या कोणी पुसत नाही." ती म्हणे, "म्हणूनच, बाबा. काच पुसण्याचं सामान जास्त खपन."

पोरगी हुशार आहे. माह्यावर गेली असं मी म्हणतो, सुमन म्हणते तिच्यावर.

आमच्याकडचं पाणी जड. टाकीच्या काचेवर पांढरे डाग पडतात, वरून शेवाळ. गिऱ्हाईक दोन महिने हौसेनं मासे पाहते, मंग काचेतून मासे दिसणंच बंद होते. म्हणून रुपालीनं लांब दांडीचे, तोंडाशी वाकवलेले ब्रश शोधले, थेट चीनच्या कारखान्यातून. यवतमाळ, पांढरकवडा अन् चंद्रपूरच्या दुकानवाल्यायलेही तिनं शब्द देऊन टाकला का माल मी देतो. परदेशातून माल मागवाची तिची ही पहिलीच वेळ.

अन् इकडे तिले हैदराबादच्या एका कंपनीची नोकरी चालून आली होती. तिनं आम्हाले समोर बसवून सांगितलं, "हा माल सुटला तर मी दुकान वाढवते. नाही सुटला, शब्द खाली गेला, तर शटर लावून हैदराबादले जाते. त्यायले या शुक्रवारी सांगाचं आहे."

सुमन त्या दिवसापासून पदरानं डोळे पुसून राह्यली होती. मी नाही पुसले. पण मलेही पोरगी जायले नको होती, हे तुम्हाले म्हणून सांगतो. तिले नाही सांगितलं. बाप लोकं असं सांगत नाहीत, कायले कोण जाणे.

माल नागपूरच्या कस्टमच्या डेपोत येऊन पडला, अन् एजंटचा फोन आला. मेश्रामभाऊ म्हणून कस्टमचं काम पाहणारा मोठा सज्जन माणूस. रुपालीनं फोन स्पीकरवर ठेवला.

"ताई, तुमच्या ब्रशाचं घर ठरवाचं आहे," मेश्रामभाऊ म्हणे.

मी कान टवकारले. "ब्रशाले घर?"

"नमस्कार काकाजी. हो ना. बाहेरून जे काही येते त्याच्या नंबराचं एक पुस्तक आहे सरकारचं. सुईपासून जहाजापर्यंत सगळं त्यात. प्रत्येक वस्तूचं घर ठरलेलं. त्यावरूनच जकात लागते, कागद लागतात."

तुम्हाले काय सांगू! माह्या अंगावर काटा आला. साऱ्या दुनियेच्या मालाची ग्रेडिंग करणारं पुस्तक, अन् मले बत्तीस वर्षांत कोणी सांगितलं नाही!

"मंग आपला ब्रश कितव्या नंबरात बसते?" मी विचारलं.

"शहाण्णव-शून्य-तीन."

"शहाण्णव? त्यात अजून काय काय आहे?"

"झाडू, फडे, पोछे, दात घासाचे ब्रश, पिसाचे झाडणे..."

"फडे?" मी खुर्चीतून उठलो. "माह्या पोरीचा परदेशी माल फड्याच्या रांगेत?"

"बाबा, बसा," रुपाली म्हणे.

"बसू कसा? मेश्रामभाऊ, मासोळ्यायच्या सामानाचं वेगळं घर नाही का?"

"नाही काकाजी. ब्रश तो ब्रश. त्यानं मासोळीची काच घासा, नाही तर लेकराची बाटली घासा. तुम्ही टेन्शन घेऊ नका, हे बरोबरच घर आहे. फक्त बिलावर नुसतं 'ब्रश' लिहिलं आहे. दांडी कायची अन् केस कायचे, एवढं मले लिहून पाठवा. बाकी मी पाहतो."

रुपालीले दुसऱ्या दिवशी चंद्रपूरले एका हॉटेलात मोठी टाकी बसवाची होती. जाताना तिनं नमुन्याचा ब्रश माह्यापाशी दिला. "बाबा, माही घाई आहे. मेश्रामभाऊले एवढंच पाठवा. प्लास्टिकची दांडी, नायलॉनचे केस. चारच शब्द आहेत."

चार शब्द! दुसऱ्या कोणत्याही माणसानं पाठवले असते अन् चहा पेला असता.

पण मी ग्रेडर ना! ग्रेडरनं ऐकलेलं लिहाचं नसते, पाहिलेलं लिहाचं असते. त्यात रात्रभर मले ते शहाण्णव टोचून राह्यलं होतं. सकाळी मी मोबाईलवर ते पुस्तक उघडलं अन् शेवटून नाही, सुरुवातीपासून पाहाले लागलो. म्हटलं, एक नंबरात कोण बसलं आहे, ते तरी दिसन.

पहिल्या धड्याचं पहिलंच घर. घोडे!

खोटं वाटत असन तर उघडून पाहा. जिते घोडे, गाढवं, खेचरं, सारे एका घरात. मी गाढवाकडे लक्ष दिलं नाही. मी म्हटलं, वा! घोडा एक नंबर अन् आमचा ब्रश शहाण्णव. म्हणजे कापसात जसा वरून खाली नंबर उतरते तसाच इथंही उतरून राह्यला. अन् माही पोरगी तळाशी, फड्यासोबत. कोणत्या बापाले चैन पडन?

मी ब्रश हातात घेतला. केसावरून अंगठा फिरवला. ताठ, लांब, चकचकीत. वाकवला का परत सरळ. आता बत्तीस वर्षांचा अंगठा आहे हा, असा तसा नाही. मले वाटलं, हे नायलॉन नाही. हे जनावर आहे.

नुसतं वाटून भागत नाही, पुरावा पायजे. जिनिंगमध्ये आमची एक पक्की परीक्षा होती. धागा पेटवाचा. कापूस कागदासारखा जळते अन् राख होते. नायलॉन वितळते अन् त्याची कडक गोळी बनते. अन् लोकर किंवा केस असन तर वासच सांगते, डोळे मिटून सांगते.

मी सुमनच्या शिवणाच्या डब्यातला चिमटा आणला. ब्रशातला एक केस उपटला. आता तो केस केवढा? बोटाच्या पेराएवढा. त्यात चष्मा सापडेना. म्हणून केस पार डोळ्यापाशी धरला, माचिस लावली, अन् वास निसटू नये म्हणून नाकही पुढे नेलं.

भस्स!

नाकाखाली थोडं गरम लागलं. मी मागे सरकलो, चिमटा हातातून पडला, केस कुठे उडून गेला ते दिसलंच नाही. पण वास? अहाहा! सारी खोली भरून गेली. अस्सल, शंभर टक्के केस जळल्याचा वास!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुमन ओरडली, "अहो, काय जाळून राह्यले? केसाचा वास येऊन राह्यला!"

बघा! मी तिले काही सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. स्वतंत्र साक्षीदार!

आता जनावर कोणतं? बकरीचा केस मऊ असते. म्हशीचा आखूड. एवढा लांब, ताठ अन् चकाकणारा केस कोणाच्या शेपटीले असते? घोड्याच्या. अन् घोडा कितव्या नंबरात? तुम्हीच सांगा, माहं काय चुकलं?

मी कपाटातून जिनिंगच्या वेळचा शिक्का काढला, कोरा कागद घेतला अन् मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: "सदर ब्रशाची मी स्वतः हाताने व नाकाने तपासणी केली असून त्याचे केस अस्सल घोड्याचे, लांब धाग्याचे व एक नंबर प्रतीचे आढळून आले. करिता दाखला देत आहे." खाली सही. सहीखाली "निवृत्त ग्रेडर". त्यावर शिक्का.

मंग सुमनले म्हटलं, "फोटो काढ. ब्रशासोबत. दाखल्याले जोडाचा आहे."

तिनं मोबाईल धरला, खाली केला, परत धरला. "तुमची मिशी डावीकडून कमी काहून दिसून राह्यली?"

"गजूनं उतरवली असन. तू फोटो काढ."

गजू म्हणजे आमचा सलूनवाला. फोटो निघाला, दाखला निघाला, दोन्ही मेश्रामभाऊले रवाना. संध्याकाळी आरशात पाहिलं तर डावी मिशी खरंच अर्धी! मी तसाच गजूकडे गेलो अन् चार गिऱ्हाइकांसमोर त्याले झाडलं.

"काकाजी, पंधरा दिवस झाले, मी तुमच्या मिशीले हात नाही लावला!" तो म्हणे.

"मंग काय उंदरानं खाल्ली?"

"आईची शप्पथ, काकाजी!"

मी म्हटलं, आता तुह्या दुकानाची पायरी चढत नाही. अन् अर्धी मिशी घेऊन तोऱ्यात घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मेश्रामभाऊचा फोन. आवाज जरा घाबरल्यासारखा. "काकाजी, नक्की घोडा?"

"म्हणजे काय? दाखला पाहिला नाही का?"

"पाहिला. शिक्काही पाहिला. पण ताई तर नायलॉन म्हणत होत्या."

"तिले धाग्यातलं काय समजते? बत्तीस वर्षं मी सुंगलं का तिनं?"

"मी ताईले एकदा विचारू का?"

"ती चंद्रपूरले कामात आहे. तिले त्रास देऊ नका. घरचा मोठा मी आहे, मी सांगून राह्यलो ना?"

मेश्रामभाऊनं एक लांब श्वास सोडला. "तसं असन काकाजी, तर घर तेच राहते. केस कशाचाही असो, ब्रश ब्रशातच बसते. पण जनावराचा केस म्हटल्यावर रोगराईची तपासणी आली. क्वारंटाईनवाल्यायचा कागद लागन. घोड्याचं हेल्थ सर्टिफिकेट लागन."

"घोड्याचं? घोडा तर तिकडेच राह्यला, केसच आले ना!"

"म्हणूनच. घोडा निरोगी होता का, असं विचारतीन ते."

मी हातातला ब्रश नीट पाहिला. "केसावरून तर तब्येत चांगली वाटते," मी म्हटलं.

"बरं काकाजी," म्हणून त्यानं फोन ठेवून दिला.

तुम्हाले वाटन, आता तरी या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असन. नाही पडला! मी सुमनले खुशीत सांगितलं, "पाहिलं? फड्याले कोणी हेल्थ सर्टिफिकेट मागते का? एक नंबर मालाचीच एवढी चौकशी होते."

मेश्रामभाऊ कामाचा पक्का. माहा दाखला त्यानं डेपोत जमा केला, अन् चीनच्या कारखान्याले लिहिलं का घोड्याचे कागद पाठवा. त्या पत्राची एक नक्कल नियमानं रुपालीलेही गेली.

बुधवारी दुपारी ती घरी आली. दुपारी दुकान सोडून ती कधी येत नाही. चप्पल काढली, पाणी पेली, अन् माह्यासमोर बसली.

"बाबा, घोडा कुठून आला?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू बोलली. तिनं मोबाईल पुढे केला. कारखान्याचं उत्तर आलं होतं, ते तिनं मराठी करून वाचलं. "प्रिय मित्रांनो, आमच्याकडे घोडा नाही. आमच्याकडे फक्त नायलॉन आहे. सोबत नायलॉनचं पत्र जोडलं आहे. घोडा कोणी मागितला होता? तुम्हाला घोडा हवा असल्यास आम्ही चौकशी करून कळवू."

सुमन दारातच थांबली होती. कोणी हसलं नाही.

"माल रोखून ठेवला आहे," रुपाली म्हणे. "कारखाना म्हणते नायलॉन, अन् घरचा दाखला म्हणते घोडा. कस्टमच्या मॅडम म्हणे, दोघातलं एक खोटं आहे. पांढरकवड्याच्या दुकानवाल्याचे दोन फोन येऊन गेले. परवा शुक्रवार आहे. मी हैदराबादले हो म्हणून कळवून टाकते."

मी तेव्हा तरी गप बसाले पायजे होतं. पण जीभ काही ऐकते का? "अवो बाई, पण वास आला होता! तुह्या आईलेही आला. विचार तिले!"

"आला होता," सुमन म्हणे बिचारी. तिनं खरं तेच सांगितलं.

रुपालीनं आमच्या दोघांकडे पाहिलं. "ठीक आहे. उद्या नागपूरले चला. जे काय सुंगाचं ते मॅडमसमोर सुंगा."

गुरुवारी सकाळची वणीहून एसटी धरली. सुमननं घरून निघताना माही औषधं, डॉक्टरचे कागद, दशम्या, सगळं एका पिशवीत भरून रुपालीच्या हातात दिलं होतं. ती पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर पाहत राह्यली. मी एकदा म्हटलं, "दशमी खातं का?" ती म्हणे, "तुम्ही खा." मी खाल्ली नाही. तिकडे हैदराबाद, इकडे वणी, अन् मधात मी लावलेला घोडा, एवढंच डोक्यात फिरून राह्यलं होतं.

डेपोतल्या मॅडम साताऱ्याकडच्या. शांत बाई, चष्मा, टेबलावर फाईल. फाईलीवर सगळ्यात वर माहा फोटो. मेश्रामभाऊ बाजूले हात जोडून उभा.

"हा दाखला तुम्ही दिलात, काका?"

"हो मॅडम. हाताने व नाकाने."

"कारखान्याचं पत्र माझ्याकडे आलंय, त्यात नायलॉन आहे. अडचण फक्त तुमच्या दाखल्याची आहे. तुम्ही कशावरून ठरवलंत?"

मी पेटवाची परीक्षा सांगितली. खरं सांगतो, सांगताना मले मजा आली. किती वर्षांनी कोणीतरी कान देऊन ऐकून राह्यलं होतं. मॅडम उठल्या. "चला, बाहेर करून दाखवा."

व्हरांड्यात खोकं उघडलं. माचिस मेश्रामभाऊनं धरली. या वेळी चिमटा लांब होता अन् माह्या नाकावर चष्मा होता. मॅडमनं खोक्यातला एक ब्रश स्वतः निवडला, केस उपटला. मी जाळ दाखवला.

केस आकसला. वाकला. थेंबासारखा झाला अन् त्याची काळी कडक गोळी बनली.

"वास?" मॅडम म्हणे.

मी सुंगलं. परत सुंगलं. "हा... हा एखादा मिसळला असन. दुसरा घ्या."

दुसरा घेतला. गोळी. तिसरा घेतला. गोळी. शेवटी मी सोबत आणलेला आपला घरचा नमुना काढून त्याचा केस पेटवला. माह्याच दाखल्याचा ब्रश! त्याचीही गोळी.

"नायलॉन," मी म्हटलं. बत्तीस वर्षांत एवढ्या हळू आवाजात मी कोणताच निकाल दिला नव्हता.

"मग त्या दिवशी केसाचा वास कुठून आला?" मॅडमनं विचारलं. "वास आला हे तुम्हीही सांगता, घरचेही सांगतात. म्हणजे केस तर जळला होता."

आम्ही परत आत टेबलापाशी आलो, त्यायनं फाईल उघडली. फोटो पाहिला. मंग चष्म्यावरून माह्याकडे पाहिलं. परत फोटो पाहिला.

"काका, जरा इकडे वळता का? आता उजवीकडे. हा फोटो कधी काढला? परीक्षेच्या आधी की नंतर?"

"नंतर. लगेच."

"परीक्षेच्या आधीचा एखादा फोटो आहे?"

मी खिशातून जिनिंगचं जुनं ओळखपत्र काढून दिलं. त्यावर दोन्ही मिशा भरघोस, बरोबरीच्या. मॅडमनं ओळखपत्र, फोटो अन् माहं तोंड, असे तीन नमुने शेजारी शेजारी धरून पाहिले. अन् तेव्हा, बावा, तेव्हा माह्या डोक्यात उजेड पडला. नाकाखाली गरम लागलं होतं! भस्स झालं होतं! मी डावीकडच्या मिशीले हात लावला. मेश्रामभाऊनं तोंडात रुमाल कोंबला अन् भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हालून राह्यले होते.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, केस अस्सल होता, एवढं तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. फक्त जनावर चुकलं."

धरती फाटन तर बरं, असं झालं मले.

"पण फाईलला उत्तर द्यावं लागेल," मॅडम पुढे म्हणाल्या. "जनावराचा केस म्हणून नोंद झालीय. कोणत्या जनावराचा, कुठला, निरोगी होतं की नाही."

तेवढ्यात माह्या मागून आवाज आला. "मॅडम, त्या जनावराचं हेल्थ सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

रुपाली! तिनं सुमननं दिलेल्या पिशवीत हात घातला अन् माहा शुगरचा रिपोर्ट मॅडमच्या टेबलावर ठेवला. "शुगर थोडी जास्त आहे. बाकी रोगराई नाही. मूळ गाव वणी."

अन् ती हसली. घोड्याचं निघाल्यापासून पहिल्यांदा हसली पोरगी. मंग मॅडमही हसल्या, मेश्रामभाऊचा रुमाल सुटला, शेजारच्या टेबलावरचे दोघं-तिघं उठून आले. मीही हसलो. काय करता? मले त्या घडीले एवढं हलकं वाटलं का कोणी म्हटलं असतं तर उजवीकडचीही पेटवून दिली असती.

मॅडमनं कोरा कागद पुढे केला. दाखला मागे घेतल्याचं माह्याच अक्षरात पायजे होतं. मी लिहिलं: "मी दिलेला दाखला हा माझ्या मिशीविषयी असून ब्रशाविषयी नाही. करिता ब्रश नायलॉनचे समजावेत." खाली सही. शिक्का सोबत आणलाच होता, तोही मारला. आज तो कागद फाईलीत फोटोच्या मागे लावलेला आहे.

उठता उठता मी मॅडमले मनातलं विचारलंच. "मॅडम, पण शहाण्णव म्हणजे खालचा नंबर ना?"

"तो दर्जा नाही काका, पत्ता आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या घराचा नंबर काय?"

"एकशे चार."

"मग?"

मी शिक्का खिशात टाकला. बत्तीस वर्षांत हे मले कोणी विचारलंच नव्हतं.

माल सुटला. शुक्रवारी रुपालीनं हैदराबादले नाही म्हणून कळवलं, माह्यासमोर, स्पीकर लावून. सुमननं त्या दिवशी शिरा केला. मी त्याले नंबर दिला नाही, नुसता खाल्ला. गजूकडे जाऊन माफी मागितली. त्यानं दोन्ही बाजू बरोबर कराले घेतल्या, इकडून थोडी, तिकडून थोडी, करता करता काही उरलंच नाही. आता हे असं सफाचट तोंड घेऊन फिरतो.

अन् रोज सकाळी दुकानात जातो. पोरीनं मले काम दिलं आहे. सगळ्या टाक्यायच्या काचा घासाचं, त्याच ब्रशानं. गिऱ्हाईक येते, ब्रश हातात घेते, अंगठा फिरवते अन् विचारते, "ताई, हे केस कायचे आहेत? घोड्याचे तर नाहीत?" सारी वणी हेच विचारते.

रुपाली गल्ल्यावरून मानही वर न करता सांगते, "नाही दादा, ब्रश नायलॉनचा आहे. घोडा तो तिकडे काच घासून राह्यला."